‘लाइक’ दिसलं की सिमिली? इंग्रजी अलंकार ओळखताना या चुका टाळा

इंग्रजीतला अलंकार ओळखायचा म्हटलं की बहुतेक जण खुणेचा शब्द शोधतात. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ असेल तर सिमिली (उपमा), ‘इज’ असेल तर मेटाफर (रूपक). ही युक्ती फार लवकर फसते.

‘शी लुक्स लाइक हर मदर’ या वाक्यात ‘लाइक’ आहे, पण सिमिली नाही. मुलगी आणि आई दोघी माणसंच. तुलना सरळ अर्थाची. ‘ही फाइट्स लाइक अ लायन’मध्ये मात्र माणूस आणि सिंह वेगळ्या जातीचे, आणि त्यांना जोडतो तो लढण्यातला त्वेष. म्हणजे उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते) भिन्न जातीचे हवेत आणि समान गुण दाखवता यायला हवा. ‘ॲज आय एंटर्ड’मधला ‘ॲज’ तर नुसता ‘तेव्हा’च्या अर्थाचा.

मेटाफर बरेचदा क्रियापदात दडलेला असतो आणि तिथेच तो निसटतो. ‘द ऑफिसर बार्क्ड ऑर्डर्स’मध्ये कुत्र्याचं नाव कुठेच नाही, तरी अधिकारी भुंकतोय. त्यामुळे प्रत्येक क्रियापदाला विचारा: या कर्त्याला हे शब्दशः करता येईल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर कोणता गुण उचललाय ते शोधा. ‘अधिकाऱ्याची कुत्र्याशी तुलना केली आहे’ एवढंच लिहिणं हे अर्धं उत्तर. चढा, तुटक, उर्मट आवाज हा उचललेला गुण. तो लिहिला की उत्तर पुरं होतं. उलट ‘द लेग ऑफ द टेबल’सारखे झिजून गुळगुळीत झालेले प्रयोग मेटाफर म्हणून दाखवू नका.

सर्वांत जास्त घोळ इडियममध्ये, म्हणजे वाक्प्रचारात होतो, आणि त्याला आपली मराठीच कारणीभूत असते. ‘क्रोकोडाइल टिअर्स’ म्हणजे थेट आपले नक्राश्रू, ‘व्हाइट एलिफंट’ म्हणजे पांढरा हत्ती. असं दोन-तीनदा जुळलं की आपण बेसावध होतो. मग ‘पुलिंग माय लेग’चा अर्थ ‘माझे पाय ओढतोय, पुढे जाऊ देत नाही’ असा लावला जातो. इंग्रजीत ती निव्वळ थट्टा आहे. घुबडाचंही तेच: आपल्याकडे अशुभ, इंग्रजीत शहाणपणाचं चिन्ह.

इडियमची एक चाचणी करून बघा. शब्द किंवा रचना थोडी बदला. ‘किक्ड द बकेट’ म्हणजे मेला. पण ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की फक्त बादलीला लाथ बसते. अर्थ असा मोडला तर तो इडियम समजा. चाचणी उलट्या बाजूने मात्र चालत नाही: ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’मध्ये रचना बदलूनही गुपित फुटतंच. आणि ‘किक्ड द बकेट’च्या पुढे ‘पाणी सांडलं’ असं असेल, तर बादलीही खरीच. शेजारची दोन वाक्यं वाचल्याशिवाय निर्णय नको.

‘लिटरली’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. ‘आय लिटरली डाइड लाफिंग’ म्हणणारा जिवंत असतो, ती हायपरबोलीच, म्हणजे अतिशयोक्ती. याच्या उलट, कमी करून सांगताना, ‘नॉट बॅड’ हे अनेकदा ‘छान’च्या जागी येतं.

‘अ स्लीपलेस नाइट’ला पर्सॉनिफिकेशन म्हणणं ही परीक्षेतली नेहमीची चूक. रात्रीला माणूस केलेलं नाही. झोप न लागलेल्या माणसाचं विशेषण रात्रीला चिकटवलंय, म्हणून ट्रान्सफर्ड एपिथेट. ॲलिटरेशनमध्ये, म्हणजे शब्दांचा सुरुवातीचा ध्वनी जुळतो तिथे, कान वापरा, डोळे नव्हेत. ‘नाइफ’चं स्पेलिंग ‘के’ने सुरू होतं, तरी ते ‘नाइट’शी जुळतं, ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’चे, पण जुळत नाहीत.

अनोळखी विशेषनाम आडवं आलं तर शब्दार्थ शोधत बसू नका, प्रसंग शोधा. ‘मेट हिज वॉटर्लू’मागे १८१५ मधला वॉटर्लू इथला नेपोलियनचा पराभव आहे, ‘क्रॉस्ड द रूबिकॉन’मागे इ.स.पू. ४९ मध्ये रोमन सेनापती सीझरने सैन्यासह ओलांडलेली नदी, जिच्यानंतर त्याला माघार उरली नाही.