खांदा जखडलाय? जोर लावण्याआधी या चुका टाळा

फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण आधी सुजतं, मग आकसतं आणि पुढे हळूहळू सैल पडतं. या सगळ्याला साधारण एक ते तीन वर्षं लागतात. उपचार टप्पा बघून बदलावे लागतात, आणि बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात.

पहिली चूक निदानातली. खांदा दुखला की फ्रोझन शोल्डर, असं नसतं. कोपर काटकोनात वाकवून कुशीला चिकटवा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमचा पंजा अलगद बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. दुसऱ्याच्या हातूनही तो चांगल्या हाताइतका वळत नसेल, तर सांधा आखडलाय. तो सहज वळतो, पण तुम्हाला स्वतःला हात उचलवत नाही, असं असेल तर स्नायूबंधाची दुखापत असू शकते. एक्स-रे एकदा काढाच. संधिवातातही खांदा असाच अडकतो.

रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, तो सुजेचा काळ. तेव्हा हात ओढून घेणं किंवा रगडून मालिश करणं म्हणजे आगीत तेल. टेबलाचा आधार घेऊन वाका, हात सैल सोडा आणि मिनिटभर झुलवा, तेवढं पुरे. हात गळ्यात बांधून मात्र ठेवू नका. सांध्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन याच काळात जास्त उपयोगी पडतं. उगाच घाबरून लोक ते लांबवतात. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते, रोज तपासा. मधुमेहाची तपासणी कधीच केली नसेल, तर आत्ता करून घ्या.

दुखणं ओसरलं की उलटी चूक होते: व्यायामच सुटतो. खरा ताण आता द्यायचा. दहा मिनिटं शेक घ्या, पाठीवर झोपा, कोपराखाली टॉवेलची घडी ठेवा. दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हातानं दुखरा पंजा बाहेर ढकला. १५-२० सेकंद थांबा, पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. कोपर अंगापासून सुटलं की ताण भलतीकडेच जातो. व्यायामानंतरचा ठणका तासाभरात शमला नाही, तर पुढच्या वेळी ताण कमी करा.

महिनोन्‌महिने फरक पडला नाही, तर भूल देऊन सांधा मोकळा करतात किंवा दुर्बिणीतून आवरण सोडवतात. त्यानंतरही फिजिओथेरपी लगेच सुरू करावी लागते, नाहीतर खांदा पुन्हा आखडतो.