डेस्कवरून लांबचे युनिक्स सर्व्हर सांभाळायचे तर

टेलनेट (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची जुनी पद्धत) सोडाच, त्यात पासवर्ड उघडाच जातो, १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेनने एसएसएच (तेच काम, पण सगळं कूटबद्ध करून पाठवणारं) लिहिलं तेच मुळी विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले म्हणून. आता मॅक, लिनक्स, विंडोज १० च्या नव्या व्हर्जनमध्येही ओपनएसएसएच (एसएसएचचीच मोफत आवृत्ती) आयतं मिळतं.

आधी एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ टाइपची की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी दोन फाइलींची जोडी, एक पब्लिक, एक प्रायव्हेट) बनवा, पासफ्रेज (प्रायव्हेट कीचा स्वतःचा पासवर्ड) द्याच, मग एसएसएच-कॉपी-आयडीने पब्लिक की सर्व्हरवर टाका (विंडोजवर ही कमांड नसते, तिथे पब्लिक कीची ओळ सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये हाताने पेस्ट करायची). प्रायव्हेट की कुणालाही द्यायची नाही, अगदी टीममधल्यालाही नाही. आणि हे फार महत्त्वाचं, पासवर्ड लॉगिन बंद करताना चालू सेशन उघडंच ठेवा, दुसऱ्या टर्मिनलमधून कीने आत जाता येतंय का बघा आणि मगच पहिलं बंद करा, नाहीतर आत शिरायचा रस्ताच उरत नाही.

मशीन वाढली की आपल्या मशीनवरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येकाचं टोपणनाव, युजर, पोर्ट लिहून ठेवा, बराच वेळ वाचतो.

बॅकअप, अपग्रेड अशी लांबलचक कामं मात्र टीमक्समध्येच (सर्व्हरवर टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्राम) चालवा, मध्येच नेट गेलं तरी काम चालू राहतं, परत लॉगिन करून टीमक्स अटॅच केलं की झालं, आणि मुद्दाम बाहेर पडायचं असेल तर कंट्रोल-बी, मग डी.