आईला स्ट्रोक आलाय? एमआरआय रिपोर्टमधली ही ओळ डॉक्टरांना नक्की विचारा

माझ्या आईला ६८व्या वर्षी उजव्या बाजूचा लकवा आला. डिस्चार्जच्या फाइलमध्ये एमआरआय रिपोर्टवर गुठळीची माहिती होती आणि तिच्या खाली अजून एक ओळ होती, व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज, फाझेकास ग्रेड २. विचारलं तर "वयोमानाने होतं ते" एवढंच उत्तर मिळालं आणि आम्हीही सोडून दिलं. सोडायला नको होतं, म्हणून ज्यांच्या घरी आई, सासूबाई, मावशी स्ट्रोकमधून सावरतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

व्हाइट मॅटर म्हणजे मेंदूतलं वायरिंग. खोलवरच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी सोसून जाड होतात, वायरिंगला रक्त कमी पडतं आणि स्कॅनवर पांढरे डाग दिसतात. फाझेकास म्हणजे त्या डागांची ० ते ३ अशी मोजणी. उतारवयात १ बऱ्याच जणांना असतो, २ किंवा ३ असेल तर मात्र नीट लक्ष द्या. कारण स्ट्रोकनंतर मेंदू मेलेल्या भागाला वळसा घालून नवे रस्ते शोधतो आणि ते याच वायरिंगमधून जातात, तेच आधी झिजलेलं असेल तर सुधारणा हळू होते.

आणि इथे बायकांचं वेगळं आहे. जर्मनीत बॉन शहरात ऱ्हाइनलँड स्टडी चालते, त्यांनी २०२२ साली दाखवलं की मेनोपॉजच्या आधी बायका-पुरुषांत डागांचा फरक नाही, पण मेनोपॉजनंतरच्या बायकांत त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा डाग जास्त, आणि बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर बायकांना त्याचा फटका जास्त बसतो.

त्यामुळे पहिलं काम बीपी. दंडाला लावायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. ५ मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, आणि चांगल्या हातावर मोजा, लकव्याच्या नाही. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, दोन-दोन वेळा, वहीत लिहा. साधारण १३०/८० च्या खाली ठेवायचं असतं पण तुमच्या पेशंटचा आकडा डॉक्टरच ठरवतील, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही म्हणजे नाही. लोणचं, पापड, वरून मीठ कमी करा. अजून एक, आपल्याकडे बऱ्याच बायका मशेरी लावतात आणि डॉक्टरांनी "तंबाखू?" विचारलं की "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती दात घासायची पावडर असते. मशेरी हा तंबाखूच आहे, ती बंद झाली पाहिजे.

व्यायामाचं सांगते. सुरुवातीचे ३ महिने सगळ्यात जास्त फरक पडतो, नंतरही पडतो पण वेग कमी होतो. फिजिओने दाखवलेलं रोज, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. आम्ही आईला शेंगदाणे सोलायला, मेथी निवडायला, कणकेचे छोटे गोळे वळायला द्यायचो, रोजच्या कामातलीच हालचाल असल्यामुळे ती मनापासून करायची. गॅसजवळ मात्र एकटं सोडू नका. चालताना लकव्याच्या बाजूला उभं राहा, पण तो हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. बोलता येत नसेल तर आरती लावून बघा, शब्द न फुटणारी माणसंही कधीकधी चाल धरून गातात, आईच्या तोंडून पहिल्यांदा नीट शब्द आले ते "सुखकर्ता दुःखहर्ता" म्हणताना आणि आम्ही सगळे रडलो.

डाग जास्त असले तर नुसता विसराळूपणा येत नाही, कामाचा क्रम लागत नाही. फोडणीत आधी काय घालायचं इथे आई अडकायची, आणि आम्हाला वाटायचं आळस करतेय. पावलं बारीक पडतात, लघवीची घाई होते, रात्री त्याच घाईत माणूस पडतं, म्हणून बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा. साधारण तीनपैकी एका पेशंटला डिप्रेशन येतं, बायकांमध्ये जास्त. "मला काही नको" असं रोज ऐकू यायला लागलं तर हट्टीपणा समजू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

परत तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, किंवा बायकांत जे जास्त दिसतं तसं अचानक गोंधळल्यासारखं वागणं आणि अंगातली ताकद जाणं, तर लिंबूपाणी देत बसू नका, तोंडाने काहीच देऊ नका, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत देतात, म्हणून शेवटचं ठीक कधी होती ती वेळ लिहून ठेवा.

आणि घरात एक गोष्ट आजच ठरवा. बाबांना काही झालं तर आई त्यांचा व्यायाम घेते, वेळेवर गोळ्या देते. आईचा व्यायाम कोण घेणार? आमच्याकडे पहिला दीड महिना कुणीच नाव घेऊन ठरवलं नव्हतं, प्रत्येकाला वाटायचं दुसरा करतोय. मग फ्रिजवर कागद लावला, सकाळ बाबा, संध्याकाळ मी, रविवारी दादा.