लहान मुलांना घेऊन ताडोबाची सफारी कशी करावी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा ‘गाभा क्षेत्र’ म्हणजे आतल्या जंगलाचा भाग दर मंगळवारी आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो, एवढे पाहून तारीख ठरवावी, वन विभागाच्या संकेतस्थळावर आरक्षण करावे आणि त्यात नोंदवलेले मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव यांपैकी ज्या गेटचे आरक्षण मिळेल, त्याच्या जवळच मुक्काम करावा, म्हणजे मुलांना मध्यरात्री उठवावे लागत नाही.

दोन दिवसांत चार सफाऱ्या केल्या की वाघ दिसतोच, हा सल्ला ज्याने मांडीवर मूल घेऊन सफारी केलेली नाही, त्याचाच असतो. सहा वर्षांखालील मूल असेल तर दिवसाला एकच सफारी करावी. डिसेंबर-जानेवारीत ती दुपारची असावी, कारण सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीतला पहाटेचा वारा मुलांना सोसत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळचीच असावी, कारण तेव्हा चंद्रपूरकडचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो.

खरी कसोटी जिप्सीतल्या त्या साधारण चार तासांची असते. मलाही सर्वांत जड गेला तो हाच भाग. जिप्सीच्या मागच्या उंच आसनावरून चांगले दिसते, हे खरे. परंतु धक्केही तिथेच सर्वाधिक बसतात आणि मुलांना मळमळू लागते, म्हणून मुलाला चालकामागच्या पहिल्या ओळीत, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बसवावे. वाघ दिसताच सगळे उभे राहतात, गाडी अचानक मागे-पुढे होते, आणि नेमके तेव्हाच पालकांचे लक्ष कॅमेऱ्यात असते. त्या वेळी मुलाला धरून ठेवण्याचे काम कोणाचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. जंगलात वाटेल तिथे खाली उतरता येत नसल्यामुळे गेटवर मुलाला, त्याला लागली नसली तरी, शौचालयात नेऊन आणावे आणि निघण्यापूर्वी पेलाभर दूध पाजण्याचा आग्रह धरू नये.

कंटाळा साधारण दुसऱ्या तासाला सुरू होतो. गाभा क्षेत्रात मोबाइल नेण्यास बंदी आहे, त्यामुळे कार्टूनचा आधार नाही, आणि तो नाही हेच बरे. ‘आज वाघ दाखवतो’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये. वाघ न दिसल्यास उरलेली सगळी सहल त्या रुसव्यात जाते. त्याऐवजी त्याला काम द्यावे: वारुळे मोजणे, बांबूच्या बेटांमधली कोळ्यांची मोठी जाळी शोधणे, ताडोबा तलावाच्या काठी पहुडलेली मगर ओळखणे, रस्त्याकडेचे गोंडकालीन दगडी खांब टिपणे. वानराची खाकरल्यासारखी हाक आणि चितळाची तीक्ष्ण शीळ ही धोक्याची सूचना असते, हे गाइडकडून मुलाला समजावून घ्यावे. मग गाडी थांबवून कानोसा घेण्याची वेळ येते, तेव्हा एरवी चुळबुळ करणारे मूलही आपणहून गप्प बसते. चालकालाही सुरुवातीलाच सांगावे की आपल्याला दुसऱ्या गाड्यांमागे धावायचे नाही, रानगवे दिसले तरी थांबायचे आहे.

कपडे मळकट रंगाचे असावेत, नाकातोंडावर बांधायला सुती रुमाल ठेवावा. गाडीत खाऊ उघडू नये.

दुपारची सफारी संपवून त्याच रात्री नागपूरचा रस्ता धरू नये. धुळीने माखलेल्या मुलांना आंघोळ घालून, लवकर जेवू घालून झोपवावे आणि सकाळी निघावे.