ऑटिस्टिक मूल डेटिंग करू लागलं, की पालकांनी या चुका टाळाव्यात

ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांना प्रेमात रस नसतो, हा समज इतका पक्का आहे की पंधरा-सोळा वर्षांचं मूल दिवसातून दहा वेळा एकच नाव घ्यायला लागलं की घरातले गडबडतात. रस असतो. काहींना नसतोही, पण तसं इतर मुलांतही दिसतंच. पंचाईत होते ती वेगळ्या कारणाने. या वयातलं प्रेम बरंचसं नजरेवर, आडवळणाच्या बोलण्यावर चालतं, आणि नेमके त्याच वेळी आईबाबाही आडून बोलायला लागतात.

‘मर्यादेत राहा’ एवढंच सांगणं

‘काळजी घे’, ‘तसलं काही करू नकोस’. तसलं म्हणजे कसलं? इतर मुलं अशी माहिती मित्रांच्या घोळक्यात मिळवतात. हे मूल बहुधा त्या घोळक्याच्या बाहेर असतं. मग ते वेबसिरीज किंवा पॉर्न बघून शिकतं आणि तिथे दिसतं ते खरं धरून चालतं. म्हणून चुंबन, लैंगिक संबंध, कंडोम, गर्भधारणा हे शब्द घरात उच्चारा. लाज तुम्हाला वाटेल, त्याला बहुतेक वाटणार नाही. ‘हात धरण्याआधी विचारायचं. समोरून स्पष्ट हो आलं तरच धरायचा. गप्प बसणं किंवा ‘माहीत नाही’ म्हणणं म्हणजे हो नव्हे.’ इतकं नेमकं बोला, जमल्यास लिहूनही द्या. सोबत कारण द्या, नाहीतर नियम भलत्याच जागी लावला जातो.

नकार ओळखायला न शिकवणं

मला सगळ्यात महागात पडणारी चूक हीच वाटते. ‘बघू’, ‘सध्या अभ्यास आहे’, ‘पुढच्या आठवड्यात कळवते’ हे सरळ अर्थाने ऐकणारा मुलगा पुढच्या आठवड्यात खरोखरच विचारतो. मग त्याच्या पुढच्याही. त्यातून एखादी व्यक्ती त्याच्या खास आवडीचा विषय झाली असेल, तर मेसेजची रांग लागते, तिच्या येण्या-जाण्याच्या वेळा पाठ होतात. त्याच्या लेखी ते प्रेम असतं आणि तिला भीती वाटत असते. शाळेत तक्रार गेल्यावर तो चक्रावतो, कारण ‘नाही’ हा शब्द त्याच्या कानावर कधी आलेलाच नसतो.

इथे आकड्यांतले नियम कामी येतात. दोन मेसेजना उत्तर आलं नाही की थांबायचं. एकाच व्यक्तीला डेटबद्दल एकदाच विचारायचं. टाळाटाळीची वाक्यं एकत्र बसून लिहून काढा आणि प्रत्येकापुढे त्याचा खरा अर्थ मांडा. अमेरिकेत एलिझाबेथ लॉगेसन यांनी यूसीएलए विद्यापीठात उभ्या केलेल्या पीअर्स या सामाजिक कौशल्यं शिकवणाऱ्या कार्यक्रमात डेटिंगचे शिष्टाचार असेच पायऱ्यापायऱ्यांनी शिकवले जातात.

चूक झालीच तर ‘एवढंही कळत नाही?’ म्हणू नका. कळलं नव्हतं, म्हणून तर झाली. पण समोरच्या कुटुंबापुढे ‘तो ऑटिस्टिक आहे, समजून घ्या’ असं म्हणत विषय मिटवूही नका. त्या मुलीची भीती खरी असते.

त्याचा स्वतःचा नकार विसरणं

लहानपणापासून या मुलांना ‘सांगितलं ते कर’ हेच जास्त शिकवलेलं असतं. नको असताना नातेवाइकांना मिठी मारायला लावलेली असते. अशा मुलाकडून अचानक ‘मला हे नको’ येणार कुठून? ऑटिस्टिक व्यक्तींवर लैंगिक अत्याचाराचा धोका जास्त असतो, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. तेव्हा नाही म्हणण्याचा सराव घरातच हवा. त्याने तुम्हाला नाही म्हणावं आणि तुम्ही ते मान्य करावं.

स्पर्शाचंही बोला. काहींना घट्ट मिठी चालते, पण हलका स्पर्श असह्य होतो. ‘हात नुसता लावू नकोस, घट्ट धर’ हे वाक्य जोडीदाराला सांगता यायला हवं. अनेकांना स्वतःची भावना ओळखायलाच वेळ लागतो, त्यामुळे ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘ठीक’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: पोटात गोळा आला होता का? तिथून निघावंसं वाटलं? पुन्हा भेटायचंय?

डेटला ‘नॉर्मल’ दिसायला लावणं

डोळ्यांत बघ, हात हलवू नकोस, तुझ्या आवडत्या ट्रेनबद्दल बोलू नकोस. दोन तास असं सोंग करून आलेलं मूल रात्री गप्प होतं किंवा कोसळतं. डॅमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. समोरच्यालाही ऑटिस्टिक माणूस कळत नसतो. भेट छोटी ठेवा, जागा ओळखीची आणि कमी गोंगाटाची, संपण्याची वेळ आधी ठरलेली. ऑटिझमबद्दल जोडीदाराला सांगायचं की नाही, हे मूल ठरवेल. आणि जोडीदार विरुद्ध लिंगाचाच असेल, असं गृहीत धरू नका.

चोरून फोन तपासणं

सापडलात तर विश्वास गेला, आणि ही मुलं असल्या गोष्टी विसरत नाहीत. कोणते मेसेज तुम्हाला दाखवायचे हे आधीच ठरवा: पैसे मागणारे, ‘घरी सांगू नकोस’ म्हणणारे, नग्न फोटो मागणारे. अठराच्या आतल्या मुलांचे असे फोटो पाठवणं अनेक देशांत गुन्हा ठरतं, स्वतःचा फोटो असला तरी. हेही आडपडदा न ठेवता सांगा.

ब्रेकअपवर ‘अजून खूप मिळतील’

त्याला ती एकच हवी होती. शिवाय रोज रात्री नऊचा कॉलही गेलेला असतो, आणि दिनक्रमातलं ते भगदाड दुःखाइतकंच छळतं. त्या वेळेला दुसरं काहीतरी ठरवून टाका. तो कारण विचारत राहील. ‘कारण कधीकधी सांगितलं जात नाही, आणि तिच्याकडे मागायचंही नाही’ हे पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. झोप, जेवण आठवडाभरात रुळावर आलं नाही तर डॉक्टरांशी बोला. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.