लेकीकडे, मुलाकडे परदेशी राहायला निघालात? मागच्या दारच्या आणि बाहेरच्या या चुका टाळा

मार्च लागला की ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठाने फेऱ्या मारणाऱ्यांत एकच विषय. "कधी निघताय?" मग बॅगेचं वजन, थालीपीठाची भाजणी किती न्यायची, गोड्या मसाल्याची पुडी फुटू नये म्हणून तिला किती पिशव्या घालायच्या. हे सगळं आम्हीही विचारलं होतं. तिथे घराला मागचं दार असेल, दाराबाहेर बाग असेल आणि त्या बागेत आपल्याआधीपासून राहणारी मंडळी असतील, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ठाण्यात आमची बाग म्हणजे खिडकीच्या ग्रिलमधल्या सात कुंड्या. त्यांतल्या दोन नुसत्या मातीच्या.

लेक रेडिंगला असते, लंडनच्या पश्चिमेला, थेम्सच्या काठी. पहिल्यांदा जानेवारीत तिच्या बाळंतपणाला मी एकटी गेले. दुसऱ्यांदा आम्ही दोघं एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसाचे सहा महिने जवळपास पुरेपूर वसूल करून. खालच्या बहुतेक चुका आमच्याच आहेत. एखाददुसरी भिशीतल्या मैत्रिणींची.

कावळ्याचा घास

मुक्काम सप्टेंबरअखेरपर्यंत असला की पितृपक्ष बहुतेकदा तिथेच येतो. सासऱ्यांची तिथी आली. लेकीला रजा नव्हती, गुरुजी नव्हते, पण खीर, वडे, भाजी असा स्वयंपाक मी केला. ह्यांनी कागदी ताटलीत घास वाढला आणि बागेतल्या शेडच्या छपरावर नेऊन ठेवला. मग हात जोडून उभे.

पहिली चूक हीच, उभं राहणं. आपला राखाडी मानेचा कावळा माणसाच्या हातातली चपाती पळवतो. तिथला कावळा पूर्ण काळा, आपल्या डोमकावळ्यासारखा, आणि माणसाला बिचकणारा. तो पलीकडच्या उंच झाडावर बसला आणि आमच्याकडे बघत राहिला. आधी आला मॅग्पाय, काळा-पांढरा, लांब शेपटीचा. मग खार आली. ही करड्या रंगाची, मूळची उत्तर अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकात लोकांनी हौसेने आणून सोडलेली. पाठीवर पट्टे नाहीत, म्हणजे रामाने हात फिरवलेला नाही, आणि वागणंही तसंच. हे हळूहळू एकेक आश्वासन देत होते. नातीला मराठी शिकवू, गावच्या घराचं छप्पर दुरुस्त करू. तेवढ्यात वरून सावली पडली आणि वडा गायब. घार! तांबूस अंगाची, दुभंगलेल्या शेपटीची, पंखांचा पसारा पावणेदोन मीटरच्या आसपास.

ह्या लाल घारी इंग्लंडमधून पार नाहीशा झाल्या होत्या. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनहून पक्षी आणून जवळच्या चिल्टर्न टेकड्यांत सोडले. आता रेडिंगच्या घरांवर त्या घिरट्या घालत असतात, कारण लोक बागेत मांसाचे तुकडे टाकतात. ते टाकू नका. शिजवलेल्या मांसातून पिल्लांना हाडं बळकट करणारं कॅल्शियम मिळत नाही, आणि घारीला माणसाच्या हातातल्या खाण्याची सवय लागते ती वेगळीच.

घार घास घेऊन गेली तरी चालतं की नाही, यावर ह्यांचं आणि माझं अजून एकमत नाही. पण खरा घोळ पुढे झाला. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडचे आजोबा हसून म्हणाले, "पक्ष्यांची चैन आहे हं तुमच्याकडे!" हे खूश. त्यांना ती शाबासकी वाटली. संध्याकाळी उरलेला भात छपरावर, पोळीचे तुकडे गवतावर. तीन दिवसांनी आजोबा पुन्हा म्हणाले, "फारच चैन आहे." आम्ही आणखी हसलो. जावयांनी ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. ती तक्रार होती. रात्री टॉर्च घेऊन बघितलं तर शेडखालून चांगला गलेलठ्ठ उंदीर निघाला, मागे दुसरा.

तेव्हा इंग्लंडात शेजारी हसतमुखाने एखादी गोष्ट दोनदा बोलला, तर ती बंद करायची विनंती समजा. आणि उंदीर आलेच, तर विष आणायला धावू नका. विष खाल्लेला उंदीर घुबड किंवा घार खाते आणि तीही मरू शकते. आधी खाणं घालणं पूर्ण थांबवा, सांडलेलं रोज झाडून काढा, कंपोस्टच्या डब्याचं झाकण घट्ट बसवा. आमच्याकडे दोनेक आठवड्यांत हालचाल थांबली. मुख्य म्हणजे आपण होऊन शेजाऱ्याकडे जा. आम्ही तिघं गेलो, सॉरी म्हणालो. आजोबा तीनदा म्हणाले की काहीच झालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात कुंपणावर टोमॅटोची पिशवी आली.

घास ठेवायचाच असेल तर मीठ घालायच्या आधीचा मूठभर भात वेगळा काढा. तेवढाच सकाळी ताटलीत ठेवा आणि आत येऊन पडद्याआडून बघा. अंधार पडायच्या आत ताटली उचला. कावळा येतो. आमच्याकडे नवमीला आला, तोवर आमची तिथी होऊन गेली होती.

दूध नको, खारे दाणे नकोत, आणि पिल्लू उचलू नका

रात्री बागेत काटेरी चेंडू चालताना दिसला तर ते साळिंदर नव्हे. तो हेजहॉग, गोगलगायी आणि किडे खाणारा. दिसला की आपला हात बशीभर दुधाकडे जातो. दूध त्याला पचत नाही, जुलाब होतात आणि त्यातच तो दगावू शकतो. उथळ ताटलीत पाणी ठेवा, बस. कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक दिसलं तर ते बुजवू नका. ह्यांनी तिथे वीट लावली होती. शेजाऱ्यांनी मुद्दाम पाडलेला तो त्याचा रस्ता असतो. नोव्हेंबरपर्यंत राहणार असाल तर पाचोळ्याचा ढीग पेटवण्याआधी काठीने उचकून बघा, तो आत निजलेला असू शकतो. आणि भर दिवसा उघड्यावर सुस्त पडलेला दिसला तर तो आजारी आहे. प्राणी-मदतीच्या संस्थेला फोन करायला मुलांना सांगा.

पक्ष्यांना शेंगदाणे चालतात, पण बिनखारे, आणि जाळीच्या फीडरमध्ये. मोकळे अख्खे दाणे पिल्लांच्या घशात अडकतात. फीडर आठवड्याला धुवायचा. आपण दिवाळीत डबे घासतो तसं वर्षातून एकदा नाही. घाणेरड्या फीडरवरून रोग पसरतो, आणि ग्रीनफिंच नावाच्या हिरवट पक्ष्यांची संख्या अशाच रोगाने तिथे फार घटली आहे.

मेमध्ये गवतावर पिसं फुटलेलं, उडता न येणारं पिल्लू दिसेल. मी ते उचलून टोपलीत कापूस घालून ठेवलं आणि त्याला भात भरवायला बसले. आई झुडपात कलकलाट करत होती, तो मला कौतुकाचा वाटला! पिसं असलेलं पिल्लू घरट्यातून पडलेलं नसतं. उडायला शिकायला ते स्वतःहून बाहेर आलेलं असतं. त्याला तिथेच राहू द्या, मांजर तेवढं लांब ठेवा. पिसं नसलेलं असेल आणि घरटं दिसत असेल तर अलगद परत ठेवा. काचेवर आपटलेला पक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. बहुतेकदा तासाभरात तो सावरतो, मग बागेतच सोडायचा.

आणि उत्साहाच्या भरात मेमध्ये झुडपांची हजामत करू नका. वापरात असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा तिथे १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे. मार्च ते ऑगस्ट कात्री शेडमध्येच बरी. ह्यांनी चार फांद्या कापल्या आणि आत ब्लॅकबर्डची निळसर अंडी दिसली. मग आठ दिवस त्या कोपऱ्यात कुणी फिरकलं नाही. नौपाड्यात ग्रिलवर बुलबुलने घरटं केलं तेव्हा आमच्या मजल्यावर महिनाभर त्या तारेवर कपडे वाळत घातले नव्हते, तसंच.

जानेवारीत गेलात तर आधीच सांगून ठेवते. रात्री दोन वाजता बाई किंचाळल्यासारखा आवाज येईल. बाळाला छातीशी धरून मी लेकीला हलवलं, "अगं, पोलिसांना फोन कर!" ती झोपेतच म्हणाली, "आई, कोल्हा आहे." तो त्यांचा जोडी जमवण्याचा हंगाम. काही करायचं नसतं, कूस बदलायची.

आपलं 'नको नको'

बाहेरच्या चुकांत सगळ्यात महागात पडलेली ही. कोपऱ्यावरच्या बाईंनी कॉफीला बोलावलं. "चहा की कॉफी?" मी आपल्या रीतीने म्हणाले, "नको, कशाला उगाच." आपल्याकडे यानंतर दोनदा आग्रह होतो आणि तिसऱ्यांदा आपण 'अर्धा कप' म्हणतो. त्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे," आणि स्वतःसाठी कॉफी करून घेतली. दोन तास मी त्यांच्या कपातून निघणारी वाफ बघत बसले. हवं असेल तर पहिल्याच फटक्यात हो म्हणा. झालीच चूक, तर दहा मिनिटांनी "आता घेईन म्हणते" एवढं पुरतं, त्यांना त्यात काही वाटत नाही. उलट्या बाजूने, त्या आपल्याकडे आल्या आणि तिसरी पुरी नको म्हणाल्या, तर ती वाढू नका. भूक असती तर मागितली असती.

'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात. ह्यांनी सातला अर्धा तास कमी असा हिशेब केला आणि आम्ही साडेसहाला दारात. यजमानीण ओल्या केसांनी, अंगावर गाऊन. पाच-दहा मिनिटं उशीर चालतो, लवकर जाणं चालत नाही. लवकर पोहोचलातच तर गल्लीला एक फेरी मारा. आणि उत्तर इंग्लंडात कुणी 'टी'ला बोलावलं तर ते चहाचं की संध्याकाळच्या जेवणाचं, हे विचारून घ्या. आमच्या ओळखीतलं एक जोडपं पोटभर जेवून गेलं होतं.

"या ना एकदा घरी!" याला मात्र फसायचं कारण नाही. राम मारुती रोडवर आपणही दहा जणांना तेच म्हणतो. तारीख-वार ठरला तरच ते आमंत्रण.

पबमध्ये टेबलाशी बसून वेटरची वाट बघू नका. बऱ्याच ठिकाणी काउंटरवर जाऊन सांगावं लागतं. आणि कुणी सगळ्यांसाठी पेयं आणली, अगदी तुमच्यासाठी नुसता संत्र्याचा रस, तरी पुढची पाळी तुमचीही असते.

लाडू आणि कुत्रा

ही भिशीतल्या मैत्रिणीची. शेजारचा लॅब्रॅडॉर कुंपणातून नाक घालायचा. हिने त्याला बेदाणे लावलेला बेसन लाडू दिला, मालकिणीला न विचारता. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, थोडेही पुरतात. हिला ते संध्याकाळी सुनेकडून कळलं. रात्रभर ही गप्प राहिली, लाजेने. चुकलं ते इथे. लाडू घालणं अजाणतेपणी झालं, पण गप्प बसण्यात वेळ गेला. खाऊन लवकर कळलं तर पशुवैद्य ओकारी करवून वाचवू शकतो, आणि कुत्रा धडधाकट दिसतो म्हणून थांबायचं नसतं. सकाळी हिने सांगितलं, दोन दिवस सलाईन लागलं, कुत्रा वाचला. मालकीण पहिले चार दिवस बोलली नाही. दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय काहीच देऊ नका, हातसुद्धा लावू नका.

फिरायला जाताना

शेतांतून, कुरणांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर सगळ्यांना जाता येतं. वाटेतलं फाटक जसं मिळालं तसं ठेवा, बंद होतं तर बंद. फुलं घरच्या देवाला म्हणून तोडत जाऊ नका. सोसायटीच्या जास्वंदीला लावायची काठी ठाण्यातच ठेवा. फॉक्सग्लोव्ह म्हणून घंटेसारख्या जांभळ्या फुलांचा तुरा असतो, दिसायला देवघरात शोभेल असा, पण ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी. नैवेद्याच्या ताटाजवळ नकोच.

उंच गवतातून, नेच्यांतून चाललात तर घरी येऊन गुडघ्यामागे, कमरेशी, काखेत बघा. गोचीड चिकटली असेल तर तेल, रॉकेल, पेटती काडी हे गावाकडचे उपाय करू नका. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सावकाश सरळ वर ओढा, मग जागा साबणाने धुवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ उमटलं किंवा ताप आला, तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावली होती हे सांगा. लाइम नावाचा आजार असू शकतो. तोवर ठाण्याला परतला असाल तर इथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ताप म्हटला की इथे आधी डेंग्यू आणि मलेरियाच तपासतात.

निघताना

तुळशीचं रोप, कोथिंबिरीचं बी असं काही जाताना बॅगेत लपवून नेऊ नका. तपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाही. परतताना बघायचं ते फीडरचं. तुम्ही हौसेने टांगलेला फीडर मागे कोण धुणार, हे आधी ठरवा. लेक आणि जावई सकाळी सातला बाहेर पडतात, त्यांच्याकडून ते होणार नव्हतं. म्हणून शेवटच्या दिवशी ह्यांनी तो उतरवला, गरम पाण्याने धुतला, उन्हात वाळवला. शेडमध्ये ठेवायला निघाले तर कुंपणावरून आजोबांचा हात पुढे आला, "मला द्याल का?"