अमेरिकेतल्या ‘स्वतंत्र’ मतदारांचा आकडा कसा वाचावा

‘स्वतंत्र मतदार अमक्याकडे झुकले’ अशी बातमी दिसली की आधी त्या जनमत चाचणीची प्रश्नावली उघडा. पहिला प्रश्न असतो, तुम्ही स्वतःला डेमोक्रॅट समजता, रिपब्लिकन की स्वतंत्र? ‘स्वतंत्र’ म्हणणाऱ्यांना लगेच दुसरा: बरं, पण कल कुणाकडे? खरी मेख इथेच आहे. प्यू रिसर्च या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या २०१९च्या अहवालात ३८ टक्के लोक स्वतंत्र होते. कुणाकडेच कल नसलेले जेमतेम ७ टक्के. बाकीच्यांना फक्त पक्षाचा शिक्का नको असतो, मतं ते बहुतेक वेळा ठरलेल्या बाजूलाच देतात.

मग माणसं मोजा. १,००० जणांच्या चाचणीत आकडा सुमारे ३ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. त्यातल्या ३८० स्वतंत्रांपुरतं बघितलं तर ५ टक्के आणि खऱ्या कुंपणावरच्या ७० जणांपुरतं जवळजवळ १२. या ७० जणांत ‘१० टक्क्यांची मुसंडी’ म्हणजे अवघी ७ माणसं! अशा मथळ्यावर वेळ घालवू नका.

स्वतंत्र मतदार जिंकले म्हणजे निवडणूक जिंकली, हेही खरं नाही. २०१२च्या एक्झिट पोलमध्ये रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी या गटात ५ टक्क्यांनी पुढे होते, निवडून आले डेमोक्रॅट ओबामा. त्या वर्षी मतदानाला डेमोक्रॅट जास्त आले होते. म्हणून गटातली आघाडी वाचताना प्रत्येक गटाचा एकूण मतदानातला वाटाही शेजारी मांडा.

माध्यमांचा परिणाम तपासायचा तर आठवडाभर ठळक बातम्यांची विषयवार नोंद ठेवा आणि ‘कोण पुढे, कोण मागे’ छापाच्या बातम्या वेगळ्या काढा. ही यादी चाचणीतल्या ‘सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता’ याच्या उत्तरांशी ताडून बघा. मॅककोम्ब्स आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांनी १९६८मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिल इथे मत न ठरलेल्या १०० मतदारांवर हेच केलं, तेव्हा दोन्ही याद्या कमालीच्या जुळल्या. मात्र यावरून लोक कशाचा विचार करतात एवढंच कळतं. मत कुणाला देतील ते नाही.

शेवटी तारखा. हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलच्या तपासाबद्दल एफबीआयचे तेव्हाचे संचालक कोमी यांचं पत्र २८ ऑक्टोबर २०१६ला आलं, मतदान ८ नोव्हेंबरला झालं. पत्राआधी संपलेल्या चाचण्यांत त्याचा परिणाम दिसणं शक्यच नव्हतं. पण चाचण्यांचा अंदाज चुकल्याचं सगळं खापर पत्रावर फोडू नका: अनेक राज्यांच्या चाचण्यांत पदवीधरांचं प्रमाण वाजवीपेक्षा जास्त होतं आणि ते दुरुस्त केलेलं नव्हतं. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया मिळून ट्रम्प यांची आघाडी सुमारे ७८,००० मतांची होती. एवढा फरक देशपातळीवरच्या चाचणीत दिसत नाही, त्यासाठी राज्यांच्याच चाचण्या काढून वाचाव्या लागतात.